टाकलेलं काढताना

आमच्या वाडीत कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेली पहिली मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, एवढी शिकली आणि हे केलं? होय, केलं. शिकले होते म्हणूनच केलं. न शिकलेल्या माणसाच्या हातून ते झालंच नसतं.

नव्वदचं दशक संपता संपता मी महाडच्या बाजारपेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. आठवडाभर महाडला खोली घेऊन राहायचं, शनिवारी एसटीनं पोलादपूर गाठायचं आणि तिथून दीड तास चढ. क्लासचे मालक महाडचेच, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. त्यांनी एक चांगलं मशीन घेतलं होतं आणि सहा जुनी, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेली. विकतची सिस्टिम घेण्याऐवजी लिनक्स टाकलं होतं. युनिक्सच्या घराण्यातलं, आणि फुकट. चांगलं मशीन तो सर्व्हर. बाकीच्या सहांना नुसता कीबोर्ड आणि पडदा. त्यांच्यावर बसून मुलं जे काही लिहायची ते सगळं त्या एका सर्व्हरच्या डिस्कवर साठायचं. सगळ्यांचं सगळं एकाच ठिकाणी.

नवीन सॉफ्टवेअर मुंबईहून सीडीवर यायचं. काही तयार पुडक्यात यायचं, त्याची नोंद सिस्टिम स्वतः ठेवायची. पण आम्हाला लागणारं बरंचसं कच्चं यायचं. ते आपल्याच मशीनवर शिजवून घ्यायचं, तीन कमांड द्यायच्या, तासभर पडद्यावर ओळी पळायच्या आणि झालं. मला ते फार आवडायचं. आमच्या घरात वीज आली तेव्हा मी सातवीत होते, आणि आता माझ्या तीन ओळींवर मशीन तासभर राबत होतं.

मग एक दिवस डिस्क भरली. सर म्हणाले, "ते तक्ते काढायचं सॉफ्टवेअर आपल्या मशीनना झेपत नाही. काढून टाका."

मी काढायची कमांड शोधायला बसले. सापडेना. मला वाटलं माझंच वाचन कमी पडतंय. सॉफ्टवेअरबरोबर आलेली माहितीची फाईल डिक्शनरी घेऊन शेवटपर्यंत वाचली. तळाशी लिहिलं होतं, काढण्याची सोय अजून केलेली नाही.

मी दोनदा वाचलं. म्हणजे टाकता येतं, आणि काढता येत नाही? आमच्याकडे मांडव घालणारा मांडव सोडायलाही येतो, सुतळीसुद्धा गुंडाळून नेतो. आणि जगातली हुशार माणसं एवढी मोठी वस्तू करतात, लोकांच्या घरात ठेवतात, आणि ती उचलायची कशी याचा विचारच करत नाहीत! बरं, ती एका जागीही बसत नाही. चालवायची फाईल इथे, तिला लागणारं सामान तिथे, मदतीची पानं तिसरीकडे, सेटिंग चौथीकडे. हाताने शोधून मी शंभरेक फाईली काढल्या. आणखी किती राहिल्या ते सांगता येईना.

"एवढं साधं काम होत नाही?" सर म्हणाले. रागाने नाही, नवलाने. मला तेच जास्त लागलं.

यावर मी जी युक्ती काढली ती वाडीतली होती. आमच्याकडे सगळ्या घरांची गुरं एकत्र रानात जायची, आणि राखायची पाळी घराघरातून फिरायची. आमची पाळी असली की सकाळी गुरं सुटताना बा मला अंगणाच्या कडेला बसवायचा. एक जनावर गेलं की एक खडा डब्यात. संध्याकाळी परतताना एक आलं की एक खडा बाहेर. खडे संपले आणि जनावर उरलं, तर ते दुसऱ्या वाडीचं, चुकून मिसळलेलं. ते वेगळं बांधायचं आणि निरोप धाडायचा.

मी तसंच केलं. सॉफ्टवेअर टाकण्याआधी डिस्कवरच्या प्रत्येक फाईलच्या नावाची यादी करायची. टाकून झालं की पुन्हा यादी. दुसरीत जे जास्तीचं, ते त्या सॉफ्टवेअरचं. ती जास्तीची यादी जपून ठेवायची, आणि काढायचं असेल तेव्हा यादीतलं एकेक पुसत जायचं. दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एकाचं नाव टाक, दुसऱ्याचं काढ. एका सुट्टीच्या दिवशी क्लासमध्ये एकटीने बसून पाच सॉफ्टवेअर टाकली आणि पाचही काढली. डिस्क होती तशी. एक फाईल इकडची तिकडे नाही.

सर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "परत दाखवा." मी परत दाखवलं. ते म्हणाले, "मुंबईत सुद्धा हे कुणी केलं नसेल." मुंबईत काय केलेलं असतं ते ना त्यांना ठाऊक होतं ना मला, पण मी मान डोलावली. पुढचा महिनाभर मी भेटेल त्याला टाक-काढ सांगत होते. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा सांगितलं.

आता ताईंबद्दल. क्लासमध्ये सगळी विशीतली मुलं, आणि त्यात एक ताई, पस्तिशीच्या, महाडजवळच्या सव गावच्या. गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. नवरा नव्हता, सासरे होते, आणि ते रोज सकाळी गुडघे शेकायला गावच्या गरम कुंडावर जाऊन बसायचे; त्यांना घरी परत आणावं लागायचं, म्हणून ताईंना निघायला उशीर व्हायचा. एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवं होतं. शाळेने ताईंना सांगितलं होतं, महिनाअखेर डिप्लोमाचं सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. डिप्लोमासाठी प्रोजेक्ट दाखवावा लागे. ताईंचा प्रोजेक्ट अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाचा: दर महिन्याचं वजन भरायचं, आणि लागोपाठ दोन महिने ज्या मुलाचं घटलं त्याचं नाव प्रोग्रॅमने आपणहून वर आणायचं. तीन महिने त्या खपत होत्या. एका बोटाने टाईप करायच्या, पण चुकायच्या कमी.

परीक्षक मंगळवारी येणार होते. त्याआधीच्या शुक्रवारी डिस्क पुन्हा भरत आली. पंधरा दिवसांपूर्वी टाकलेलं एक चित्रांचं सॉफ्टवेअर कुणी वापरत नव्हतं. "एक फाईल इकडची तिकडे होणार नाही," म्हणत मी मुलांसमोरच, जरा तोऱ्यात, काढ चालवलं. पडद्यावर नावं भराभर सरकली. संपलं.

पाच-सात मिनिटांनी ताईंचा आवाज आला. "मॅडम, माझा फोल्डर दिसत नाय."

"दुसरीकडे गेला असाल ताई. नीट बघा."

"नाय वो. हितंच हाय. म्हंजे हितंच होता."

मी गेले. नव्हता. परत येऊन काढची यादी उघडली. चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या नावांमागून नावं, आणि त्यांच्या मधोमध ताईंचा फोल्डर. खाली त्यांच्या अकरा फाईली, एकाखाली एक, शिस्तीत.

मला घाम फुटला नाही, काही नाही. नुसतं ऐकू येईनासं झालं. समोर मुलं बोलत होती, त्यांची तोंडं हलताना दिसत होती. मी ती ओळ बोटाने पुसून पाहिली, पडद्यावर कचरा असेल तर जाईल म्हणून. खरंच असं केलं.

काय झालं ते मला एका क्षणात कळलं, आणि कळलं म्हणून जास्त भ्यायले. पंधरा दिवसांपूर्वी चित्रांचं सॉफ्टवेअर टाकत होते तो सुट्टीचा दिवस नव्हता. मशीन दोन तास शिजवत होतं आणि मुलं आपापल्या जागी काम करत होती. बाकीची जुन्याच फाईलींवर लिहीत होती, त्यामुळे त्यांची नावं दोन्ही याद्यांत होती. ताईंनी मात्र त्याच दोन तासांत नवा फोल्डर केला, सगळा प्रोजेक्ट त्यात स्वच्छ उतरवला आणि जुना पुसला. माझ्या यादीने तो नवा फोल्डर सॉफ्टवेअरचा मानला. आणि जुनं पुसा, डिस्क भरतेय, असं त्यांना कुणी बजावलं होतं? मीच. त्याच सकाळी.

"ताई, ते माझ्याकडून गेलं," मी म्हणाले.

"कुठं गेलं?"

"पुसलं गेलं."

"मुद्दाम?"

"नाही हो!"

ताई खुर्चीतून उठल्या. आवाज चढवला नाही. "चुकून गेलं तर येवढं बरोबर माझंच कसं गेलं गो? हितं सहा जणं बसलेत. कुनाचं येक अक्षर गेलं नाय."

मॅडमवरून 'गो'वर आल्या, आणि ते बरोबरच होतं.

कोपऱ्यातला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शिकायला येणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडमनी ताईंनाच अनइन्स्टॉल केलं." दोघं-तिघं हसली. ताईंनी नुसतं वळून पाहिलं आणि हसू बंद.

तेवढ्यात माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. "कुणी काही सेव्ह करू नका! हात वर घ्या सगळ्यांनी!" मी ओरडले. सहाही जणांनी खरोखरच हात वर केले. सर आतून धावत आले आणि दारातच उभे राहिले. त्यांना वाटलं शॉक लागला कुणाला.

मी कुठेतरी वाचलं होतं, फाईल पुसली तरी डिस्कवरची अक्षरं लगेच जात नाहीत; तिच्याकडे जायची वाट तेवढी मोडते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग ती जातात. वाचलं होतं, विश्वास नव्हता. मुलांना घरी पाठवलं आणि सगळी डिस्क, फाईलबिईल न बघता, टोकापासून टोकापर्यंत कच्ची चाळायची ठरवली. पण चाळायची तर शोधायचं काय?

"ताई, तुमच्या प्रोजेक्टमध्ये असा कुठला शब्द आहे, जो या मशीनमध्ये दुसऱ्या कुणी लिहिला नसेल?"

त्यांनी आपली वही उघडून पानं चाळली. मग म्हणाल्या, "आमच्या पोरांची नावं हायत की."

त्या नाव सांगायच्या, मी इंग्रजी अक्षरांत टाकायचे, आणि आम्ही दोघी वाट बघायचो. पडद्यावर नुसता कचरा यायचा. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, तुटकी अक्षरं. दुसरं नाव. कचरा. तिसऱ्या नावाला कचऱ्याच्या मधोमध एक ओळ आली. मुलाचं नाव, वय, आणि वजन, आठ किलो दोनशे.

"ह्यो बघ! ह्योच तो, दूध ओकनारा!" ताईंनी माझा दंड धरला. लगेच सोडला.

पुसलेलं पुसलेलं नव्हतं. महिनोन्‌महिने आम्ही जे जे पुसून मोकळे झालो होतो ते सगळं तिथेच, खाली, पडून होतं.

संध्याकाळपर्यंत आणि शनिवारी दुपारपर्यंत आम्ही तुकडे जमवले. मुलांची माहिती जवळजवळ सगळी निघाली. प्रोग्रॅमचा पहिला अर्धा निघाला. दुसऱ्या अर्ध्याच्या जागी भलतंच काहीतरी लिहिलं गेलं होतं. लागोपाठ दोन महिने वजन घटलं का ते बघणारा भाग नेमका त्यातच होता. ताईंच्या वहीत तो हाताने लिहिलेला होता, पण पहिला, चुकीचा. नंतर पडद्यावर बसून केलेल्या दुरुस्त्या वहीत कुठून असणार?

रविवारी मी घरी होते. जेवण जाईना. बा म्हणाला, "काय झालंय? मालकानं काढली काय?"

मी सांगितलं. त्याला डिस्क कळणार नाही म्हणून गुरांमध्ये सांगितलं. सकाळचे खडे, संध्याकाळचे खडे, आणि जास्तीचं ते परकं समजून मी हाकललं ते आपल्याच माणसाचं निघालं.

बा ताट सारून माझ्याकडे बघत राहिला. "आनि रानात येखादी व्याली तर?"

"म्हणजे?"

"सकाळी वीस गेली. रानात येक व्याली. संध्याकाळी येकवीस आली. वासरू परकं काय?"

एवढा साधा प्रश्न मला पदवी घेऊन, दोन प्रोग्रॅम लिहून, पडला नव्हता.

"मग तू काय करायचास?" मी विचारलं. "खडा तर एक कमीच पडणार."

"कुठलं खडं?"

"ते मी डब्यात टाकायचे ते! पाळीच्या दिवशी!"

बा हसायला लागला. आईकडे बघून म्हणाला, "आयकलंस काय? अजून धरून बसलीय." मग मला म्हणाला, "बाय, तू लहान होतीस. गुरांच्या पायात यायचीस. येका जागी बसावीस म्हनून डबा दिला तुला. गुरं काय कोन खड्यानं वळखतं? तोंडं वळखतो आमी. कोन कुनाचं, कुनाला झालं, समदं."

माझ्या आयुष्यातला तो दुसरा धक्का, आणि पहिल्यापेक्षा मोठा. ज्या युक्तीच्या जोरावर मी मुंबईला मागे टाकलं होतं, ती युक्ती कधी नव्हतीच. ते मला गप्प बसवायचं खेळणं होतं. वीस वर्षं मी ते आमच्या वाडीचं शास्त्र म्हणून डोक्यात बाळगलं होतं.

सोमवारी सकाळी मी क्लास उघडला तर ताई पायरीवर बसलेल्या. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. "द्या, मी टाईप करते. तुम्ही सांगा."

"तुमी हात नका लावू," त्या म्हणाल्या. मी खुर्ची होती तिथे ठेवली.

एका बोटाने त्यांनी उरलेला अर्धा पुन्हा लिहिला. दुपारी बारापर्यंत तो चालू झाला, पण एका मुलाचं नाव उगाच वर येत होतं. वजन वाढत असूनही. ती चूक त्यांनी पूर्वी एकदा सुधारली होती. कशी, ते आठवेना. मला चूक दिसत होती. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी न वळताच मान हलवली.

"उद्या परीक्षकांना मी सांगते काय झालं ते," मी म्हणाले. "त्यांना कळायला हवं."

"काय नाय सांगायचं. रडगानं आयकून मार्क दिले तर ते माझे नसतील."

मंगळवारी परीक्षकांनी नेमकं त्याच मुलाचं नाव पाहिलं. "हे का आलं?" ताई म्हणाल्या, "ही चूक हाय सर. मला ठाऊक हाय. कालपासून शोधतेय, घावली नाय." परीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते.

ताई पास झाल्या. दुसरा वर्ग. पहिल्याला थोडं कमी पडलं. सर्टिफिकेट महिनाअखेरच्या आत मिळालं आणि शाळेतली जागाही मिळाली. लोक म्हणाले, झालं की मग, कशाला मनाला लावून घेतेस? पण ताईंनी निकालाचा कागद घडी घालताना एवढंच म्हटलं, "पयला आला असता." तक्रार नव्हती. खरं होतं ते म्हटलं.

टाक आणि काढ मी मोडले. नवं लिहायला दोन महिने लागले. आता मागाहून मोजून ओळखायचं नाही असं ठरवलं. जे सॉफ्टवेअर येईल त्याला आधीच त्याच्या नावाचा वेगळा फोल्डर. त्याच्या सगळ्या फाईली त्यातच. सगळ्यांच्या वापरायच्या जागी फक्त त्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. काढायचं म्हणजे खुणा उचलायच्या आणि तो एक फोल्डर पुसायचा. शेजारच्याला धक्का नाही. पुढे काही वर्षांनी इंटरनेट आलं तेव्हा कळलं, हे दुसऱ्या देशात कुणीतरी आधीच केलेलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. मला वाईट वाटलं नाही. महाडात बसून मीही तिथेच पोचले होते, एवढं मला पुरलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. नवं तयार झालं त्याच आठवड्यात ताई क्लासमध्ये आल्या. प्रोजेक्ट शाळेत दाखवायचा होता, तो अजून आमच्याच सर्व्हरवर होता. मी त्यांना बसवलं. नवीन प्रोग्रॅम, काहीही पुसण्याआधी, काय काय पुसणार ते पडद्यावर दाखवतो आणि विचारतो, हे मी त्यांना समजावलं. एक नको असलेलं सॉफ्टवेअर काढायचं होतं. म्हटलं, "पहिली कमांड तुम्ही द्या. तुमच्या हाताने."

त्यांनी यादी वाचायला घेतली. वरवर नाही; एकेक ओळ, बोट ठेवून, मोठ्याने. दोनशेच्या वर ओळी होत्या. मुलं कामं थांबवून बघत होती. सर दोनदा येऊन गेले. संपली तेव्हा त्या पाणी प्यायल्या.

"नाही ना तुमचं काही त्यात?" मी विचारलं.

"नाय."

"मग दाबा."

बोट कीबोर्डवर नेलं आणि थांबवलं. "आदी माझं समदं फ्लॉपीवर घेऊन द्या."

"ताई, यादी तुम्ही स्वतः वाचलीत. आता तसं होऊच शकत नाही. मी दोन महिने त्यासाठीच..."

"तवापन तुमी असंच बोलला होतात."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? माझा प्रोग्रॅम बरोबर होता, आणि तो बरोबर आहे हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी कपाट उघडलं, कोरी फ्लॉपी काढली, त्यांचा फोल्डर तिच्यावर घेतला. ताईंनी ती पिशवीत नाही, ब्लाऊजच्या आत ठेवली. मग एंटर दाबलं.